रिटर्न भरलं नाही म्हणून एएसएमटी-१३ आदेश आला, तर पहिल्या ६० दिवसांत काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याला राज्यकर अधिकाऱ्याचा एएसएमटी-१३ आदेश, म्हणजे रिटर्न नसताना अधिकाऱ्याने स्वतः कर ठरवल्याचा आदेश, आला आहे. ऑक्टोबर २०२५ चं जीएसटीआर-३बी (महिन्याचा एकूण कर दाखवून भरायचं रिटर्न) दाखल झालेलं नाही, म्हणून जीएसटी कायद्याच्या कलम ६२ खाली ३,२४,००० रुपये कर, वर व्याज आणि दंड. पोर्टलवर आदेशाची तारीख १२ जानेवारी २०२६. व्यापाऱ्याचं म्हणणं असं, की ५२,००० रुपयांचं चलन १९ नोव्हेंबरलाच भरलं, त्याची पावती हातात आहे आणि रिटर्न गेलंय असं अकाउंटंट सांगतो. मग हे सव्वातीन लाख आले कुठून, आणि आता उत्तर लिहून पाठवायचं की अपील करायचं?

रक्कम मोठी असल्यामुळे सगळं लक्ष तिच्याकडे जातं, ते साहजिक आहे. पण तुमच्या प्रकरणात आकडा दुय्यम आहे. खरा प्रश्न एवढाच, की त्या महिन्याचं ३बी दाखल झालेलं आहे की नाही. या एका प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर रस्ता वेगळा, ‘नाही’ असेल तर अगदी वेगळा. म्हणून कोणालाही पत्र लिहिण्याआधी हे स्वतः तपासा. अकाउंटंटच्या तोंडी खात्रीवर राहू नका.

तपासायला लॉगिनही लागत नाही. जीएसटी पोर्टलच्या पहिल्या पानावर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये आपला जीएसटी क्रमांक टाका आणि खाली ‘शो फायलिंग टेबल’ दाबा. कोणत्या महिन्याचं कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला दाखल झालं, ते तिथे दिसतं. ऑक्टोबरच्या ३बीपुढे तारीख असेल, तर लॉगिन करून दाखल केलेल्या रिटर्नची पीडीएफ उतरवून घ्या. तिच्यावरचा एआरएन (पोचपावतीचा) क्रमांक आणि तारीख हाच तुमचा पुरावा.

आणखी एक खूण आहे आणि ती फार भरवशाची आहे. पोर्टल रिटर्न क्रमानेच भरू देतं. ऑक्टोबरचं ३बी राहिलं असेल, तर नोव्हेंबरचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील देणारं रिटर्न) सुद्धा भरता येत नाही, मग नोव्हेंबरचं ३बी तर दूरच. त्यामुळे नोव्हेंबर आणि डिसेंबरची रिटर्न व्यवस्थित दाखल झालेली दिसत असतील, तर ऑक्टोबरचं राहिलेलं असूच शकत नाही. अशा वेळी आदेशावरचा जीएसटी क्रमांक आणि करकालावधी पुन्हा वाचा. दोन राज्यांत नोंदणी असणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. कोल्हापूर किंवा सावंतवाडीचा व्यापारी गोव्यातही नोंदणी घेतो, २७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं रिटर्न नियमित भरतो आणि ३० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर विक्रीच नाही म्हणून काही भरत नाही. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं.

आता तुमच्या चलनाबद्दल. मला वाटतं, गोची इथेच आहे. चलन भरणं म्हणजे रिटर्न भरणं नव्हे. बँकेतून गेलेले ५२,००० रुपये आधी तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होतात. ते अजून तुमचेच असतात, सरकारचे झालेले नसतात. ३बी भरताना ‘ऑफसेट’ केल्यावर ते करापोटी वळते होतात आणि डिजिटल सही किंवा ओटीपी टाकून ‘फाइल’ झाल्यावर रिटर्न दाखल होतं. ओटीपी वेळेत आला नाही, अकाउंटंटने खिडकी बंद केली आणि नंतर राहून गेलं, असं सर्रास घडतं. कॅश लेजर उघडून पाहा. १९ नोव्हेंबरचे ५२,००० अजून तसेच शिल्लक दिसत असतील, तर रिटर्न गेलेलं नाही, हे नक्की समजा.

तिमाही रिटर्नची योजना घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत त्यांना फक्त पीएमटी-०६ या चलनाने पैसे भरायचे असतात, त्या महिन्यांचं ३बी नसतंच. आपण मासिक आहोत की तिमाही, हे त्या विशिष्ट तिमाहीसाठी पोर्टलवर काय निवडलं होतं यावर ठरतं. मनात काय होतं, याला अर्थ नाही. निवड मासिक राहिली आणि समजूत तिमाहीची, तर पहिल्या महिन्याचं ३बी नेमकं राहतं.

अधिकाऱ्याने ३,२४,००० चा आकडा कसा काढला, तेही समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. रिटर्नची तारीख उलटली की आधी कलम ४६ खाली जीएसटीआर-३ए ही नोटीस निघते आणि रिटर्न भरायला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात ते आलं नाही, तर कलम ६२ खाली अधिकारी उपलब्ध माहितीवरून कर ठरवतो. २४ डिसेंबर २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकाने (क्रमांक १२९) ही माहिती कोणती, ते सांगितलं आहे: तुमचं जीएसटीआर-१, पुरवठादारांनी दाखवलेली तुमची खरेदी ज्यात दिसते ते जीएसटीआर-२ए, ई-वे बिलं (माल वाहतुकीसाठीची ऑनलाइन बिलं) आणि तपासणीत मिळालेलं काही असेल तर ते. तुमचं जीएसटीआर-१ गेलेलं दिसतंय. त्यात १८ लाखांची विक्री, १८ टक्क्यांनी कर ३,२४,०००. तोच आकडा उचललेला आहे. तुमच्या खरेदीवर आधीच दिलेल्या कराचं २,७२,००० रुपयांचं क्रेडिट त्यातून वजा झालेलं नाही, कारण क्रेडिटचा दावा रिटर्नमधूनच करायचा असतो आणि रिटर्नच नाही. ३,२४,००० मधून २,७२,००० गेले की उरतात ५२,०००, म्हणजे तुमच्या चलनाचीच रक्कम. अधिकाऱ्याने तुमच्याशी वैर धरलेलं नाही, त्याच्यासमोर हिशोबाची एकच बाजू आहे.

म्हणूनच या आदेशाला खरं उत्तर रिटर्न हेच आहे. कलम ६२(२) सांगतं, की आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत वैध रिटर्न दाखल केलं, तर आदेश मागे घेतला गेला असं मानलं जातं. त्यासाठी सुनावणी नको, वाद नको, अधिकाऱ्याची मर्जीही नको. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती. वरच्या परिपत्रकात अजून ३० च दिसतात, पण आता कायद्यातले ६० दिवस धरायचे. तुमचे दिवस १२ जानेवारीपासून मोजले, तर शेवटची तारीख १३ मार्च २०२६. ईमेल उशिरा पाहिला, आदेश अकाउंटंटच्या मोबाइलवर गेला, हे युक्तिवाद पुढे कोर्टात कामाला येतीलही, पण मोजणी पोर्टलवर आदेश चढल्याच्या तारखेपासूनच करा. कलम १६९ मध्ये पोर्टलवर उपलब्ध करणं हीसुद्धा बजावणीची एक रीत आहे. बरेच आदेश नेहमीच्या ‘नोटिसेस’ खाली न दिसता ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ या वेगळ्या खणात पडून असतात. तिथेही बघा.

‘वैध रिटर्न’ या दोन शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्या. कायद्याच्या व्याख्येत वैध रिटर्न म्हणजे ज्यात स्वतः दाखवलेला कर पूर्ण भरलेला आहे, असं रिटर्न. विक्री कमी दाखवून किंवा शून्य टाकून मुदत पाळायची, मग पुढच्या महिन्यात दुरुस्ती करायची, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अधिकाऱ्याकडे तुमचं जीएसटीआर-१ आहे. फरक लगेच दिसेल आणि मग प्रकरण कलम ६२ च्या सोप्या वाटेवरून निघून लपवाछपवीच्या वाटेला लागेल.

खर्च किती येईल? रिटर्न १० फेब्रुवारीला भरलं असं धरू. ३बी ची मुदत २० नोव्हेंबर होती, म्हणजे ८२ दिवस उशीर. विलंब शुल्क केंद्राचे २५ आणि राज्याचे २५ मिळून दिवसाला ५० रुपये, म्हणजे ४,१०० रुपये. त्याला कमाल मर्यादा आहे: आधीच्या वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर २,०००, दीड ते पाच कोटींमध्ये ५,००० आणि त्यावर १०,०००. महिन्याला १८ लाखांच्या विक्रीवरून तुम्ही मधल्या गटात असावेत. रिटर्न शून्याचं असेल, तर दर दिवसाला २० आणि कमाल ५००.

व्याज वर्षाला १८ टक्के, पण ते रोखीने भरायच्या रकमेवरच लागतं, क्रेडिटमधून वळत्या झालेल्या भागावर नाही. आणि तुमचं चलन इथे उपयोगी पडतं. जुलै २०२४ मध्ये नियम ८८बी मध्ये झालेल्या बदलानुसार, मुदतीच्या तारखेला जी रक्कम कॅश लेजरमध्ये होती आणि रिटर्न भरेपर्यंत तिथेच राहिली, ती व्याजाच्या हिशोबातून वगळली जाते. तुमचे ५२,००० हे १९ नोव्हेंबरपासून लेजरमध्ये असतील आणि मधे दुसरीकडे वापरले नसतील, तर व्याज शून्य. चलन भरलंच नसतं, तर ८२ दिवसांचे साधारण २,१०३ रुपये झाले असते. पोर्टलने आपोआप मांडलेला व्याजाचा आकडा जशाचा तसा मान्य करू नका, हा मुद्दा तपासून पाहा.

आदेश मागे गेला तरी व्याज आणि विलंब शुल्क माफ होत नाही, तेवढं कायद्याने राखून ठेवलेलं आहे. आदेशातला दंड आणि फुगलेला कर मात्र जातो. म्हणजे सव्वातीन लाखांचं प्रकरण तुमच्या लेजरमधले ५२,००० आणि वर चार-साडेचार हजारांत मिटतं.

भरताना अडतं ते बहुतेक वेळा लेजरच्या खात्यांमुळे. चलन भरताना पैसे ‘टॅक्स’ऐवजी ‘इंटरेस्ट’ किंवा ‘फी’ खाली गेले असतील, किंवा राज्याच्या कराऐवजी आयजीएसटीत (आंतरराज्य विक्रीवरच्या करात) पडले असतील, तर पीएमटी-०९ या फॉर्मने ते योग्य खात्यात हलवता येतात. विलंब शुल्क क्रेडिटमधून भरता येत नाही, त्यासाठी वेगळी रोख लागते. आधी जीएसटीआर-१ दाखल आहे ना, हेही पाहा. ते राहिलं असेल तर ३बी उघडणार नाही.

क्रेडिटच्या बाबतीत एक तारीख डोक्यात पक्की ठेवा. कोणत्याही आर्थिक वर्षाच्या खरेदीचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांतलं जे आधी येईल, तोवरच घेता येतं. तुमचा ऑक्टोबर २०२५ हा २०२५-२६ मध्ये येतो, त्यामुळे ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वाव आहे. पण कुणाचा आदेश दोन-तीन वर्षं जुन्या महिन्याचा असेल, तर रिटर्न भरूनही क्रेडिट मिळणार नाही आणि पूर्ण विक्रीवरचा कर रोखीने द्यावा लागेल. तिथे रिटर्न भरून वाचतो तो मुख्यतः दंड. त्यांनी भरण्याआधी हिशोब मांडून बघावा.

याच्याही पलीकडची अडचण म्हणजे तीन वर्षांची बंदी. रिटर्नच्या मुदतीच्या तारखेपासून तीन वर्षं उलटली, की पोर्टल ते रिटर्न स्वीकारत नाही. ही अडवणूक पोर्टलवर जुलै २०२५ च्या करकालावधीपासून प्रत्यक्ष लागू झाली. उदाहरणार्थ, जानेवारी २०२३ च्या ३बी ची मुदत २० फेब्रुवारी २०२३ होती, तर २० फेब्रुवारी २०२६ नंतर ते उघडणारच नाही. अधिकाऱ्याला मात्र कलम ६२ चा आदेश काढायला त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून पाच वर्षं आहेत. दोन मुदतींतलं हे अंतर छोट्या व्यापाऱ्याला फार जाचक आहे. आदेश येतो, पण त्याचं सोपं उत्तर देण्याचं दार आधीच बंद झालेलं असतं. जुनी रिटर्न राहिली असतील तर नोटिशीची वाट न पाहता आजच यादी काढा, असं मी कळकळीने सांगेन.

६० दिवस चुकले तरी कायद्याने आणखी ६० दिवस दिलेले आहेत, तुमच्या बाबतीत १२ मे २०२६ पर्यंत. पण त्या वाढीव काळात दिवसाला १०० रुपये जादा विलंब शुल्क आहे आणि केंद्र व राज्य दोन्ही धरून ते २०० होतं. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीन महिने, म्हणजे १२ एप्रिल. ती या वाढीव काळाच्या मधेच संपते. वाढीव दिवसांच्या भरवशावर बसलेला माणूस अपिलाचा हक्क न कळत गमावतो. सबळ कारण दाखवलं तर अपिलाला एक महिना जास्त मिळू शकतो, पण तो मागून घ्यावा लागतो.

मग अपील करायचं केव्हा? रिटर्न भरता येत असेल आणि दिवस शिल्लक असतील, तर नकोच. अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के आगाऊ भरावे लागतात, म्हणजे तुमचे ३२,४०० अडकतील, आणि निकालाला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. अपील हाताशी ठेवायचं ते इतर प्रसंगांसाठी: जीएसटीआर-३ए कधी बजावलीच गेली नाही, तीन वर्षांच्या बंदीमुळे रिटर्न भरता येत नाही, १२० दिवस उलटून गेले आणि आकडा अवाच्या सवा आहे, किंवा नोंदणी त्या महिन्याआधीच रद्द झालेली होती. मुदत चुकलेल्या काही व्यापाऱ्यांना उच्च न्यायालयांनी, विशेषतः मद्रास उच्च न्यायालयाने, दिलासा दिला आहे. पण छोट्या रकमेसाठी तिथवर जाण्याचा खर्च करापेक्षा जास्त होतो.

आता दुसरी शक्यता, म्हणजे फायलिंग टेबलमध्ये ऑक्टोबरचं ३बी आदेशाच्या आधीच्या तारखेला दाखल दिसतंय. तेव्हा आदेशाचा पायाच चुकलेला आहे. इथे कलम १६१ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. चूक कागदावर उघड दिसणारी आहे, आगाऊ रक्कम भरावी लागत नाही. अर्ज आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत द्या. अधिकाऱ्याने वेळेत निर्णय दिला नाही आणि अपिलाची मुदत जवळ येत असेल, तर अपीलही दाखल करून ठेवा. दुरुस्ती अर्ज दिल्याने अपिलाचे दिवस थांबत नाहीत.

एक चूक मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. पोर्टलवर ‘आउटस्टँडिंग डिमांड’ म्हणून ३,२४,००० दिसतात आणि बाजूला पैसे भरायची सोय असते. भीतीपोटी लोक तिथे रक्कम भरून मोकळे होतात. त्याने रिटर्न दाखल होत नाही. ऑक्टोबर रिकामाच राहतो, पुढचे महिने अडकून राहतात, आणि नंतर रिटर्न भरताना तोच कर पुन्हा भरावा लागतो. मग आधीचे पैसे परत मिळवण्यासाठी परताव्याच्या मागे लागायचं. तसंच, एएसएमटी-१३ ला ‘उत्तर’ द्यायचा प्रयत्नही करू नका. ती नोटीस नाही, आदेश आहे. तुमच्या स्पष्टीकरणाने तो बदलत नाही.

रिटर्न दाखल झाल्यावर कायद्याने आदेश मागे गेला, तरी पोर्टलवरची मागणी स्वतःहून पुसली जाईलच असं नाही. लायबिलिटी लेजरच्या दुसऱ्या भागात ती तशीच दिसत राहिली, तर अर्ज द्यावा लागतो. तो मराठीत चालतो आणि एवढाच पुरे:

“मा. राज्यकर अधिकारी यांस. विषय: एएसएमटी-१३ आदेश क्रमांक …, करकालावधी ऑक्टोबर २०२५. वरील आदेश आम्हांस पोर्टलद्वारे दि. १२/०१/२०२६ रोजी मिळाला. सदर कालावधीचे जीएसटीआर-३बी आम्ही दि. … रोजी, एआरएन … अन्वये, स्वयंनिर्धारित संपूर्ण कर भरून दाखल केले आहे. ते ६० दिवसांच्या आत दाखल झाल्याने कलम ६२(२) नुसार आदेश मागे घेतला गेल्याचे मानले जाते. तरी डिमांड आयडी … वरील मागणी शून्य करावी, ही विनंती.”

सोबत रिटर्नची पीडीएफ, कॅश आणि क्रेडिट लेजरचा त्या महिन्याचा उतारा, आणि आदेशाची प्रत. ईमेलने पाठवा आणि एक प्रत कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. अर्जात कारणांची कहाणी लिहू नका. अकाउंटंट आजारी होता की नेट बंद होतं, याने कलम ६२(२) मध्ये काही फरक पडत नाही.

शेवटचं, पण तातडीचं. ऑक्टोबर राहिला असेल, तर नोव्हेंबर आणि त्यापुढचे महिनेही अडकलेले असणार आणि प्रत्येक महिन्याचा वेगळा आदेश निघू शकतो, प्रत्येकाचे ६० दिवस वेगळे. सलग दोन कालावधींची रिटर्न राहिली की ई-वे बिल बंद होतं, सलग सहा महिने राहिली की नोंदणी रद्द करण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि जीएसटीआर-१ अडल्यामुळे तुमच्या गिऱ्हाइकांना क्रेडिट दिसत नाही म्हणून तेही पैसे रोखून धरतात. म्हणून ऑक्टोबर भरल्यावर त्याच बैठकीत पुढचे महिने क्रमाने भरून टाका. पोर्टलवरच्या नोंदीत मोबाइल आणि ईमेल अकाउंटंटचा असेल, तर नोंदणीत बदल करून तुमचा स्वतःचा टाका. मागणी शून्य झाल्याचं लेजरमध्ये दिसेपर्यंत प्रकरण बंद समजू नका, कारण आदेशाला तीन महिने झाल्यावर थकबाकी दिसत असेल तर वसुली शाखा थेट बँकेला पत्र पाठवू शकते.